म्हणाले कोण आणि त्यातला ‘मी’ कोण?



आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदनेनंतर मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. मध्यंतरी त्या वर्गात अकरावी कॉमर्सची एक मुलगी रडवेला चेहरा करून आली. तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म कॉलेजच्या टेबलावर अडकला होता आणि मुदत संपायला चार दिवस उरले होते. तिने धीर करून प्रिन्सिपॉलसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहिले होते. ते पत्र शेरा मारून परत आले. शेऱ्याचा अर्थ असा की, फॉर्म पाठवण्याचे विद्यार्थिनीने स्वतःच कबूल केले आहे, तरी तिने तो पाठवावा.

मी पत्र वाचले. त्यात वाक्य होते, “द क्लार्क सेड दॅट आय विल फॉरवर्ड द फॉर्म इन टू डेज.” पोरीच्या मनात मराठी वाक्य होते, “कारकून म्हणाले की, मी दोन दिवसांत फॉर्म पुढे पाठवतो.” ते तिने शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवले. पण इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, ‘कारकून म्हणाले की, ही मुलगी दोन दिवसांत फॉर्म पाठवील.’ कारकुनाचे काम तिच्या गळ्यात पडले, आणि तेही तिच्याच सहीने!

मी स्वतः कारकून आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसून अशी पत्रे मी रोज वाचतो. वाचणाऱ्याला तुमच्या मनातले दिसत नाही, कागदावरचे दिसते. म्हणून या वेळी आपल्या सदरात हा एकच विषय घेतो. नेहमीप्रमाणे इंग्रजी वाक्ये देवनागरीत देतो, म्हणजे घरातल्या आयांनाही ती मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेता येतील.

मराठीत ‘की’ आहे, तसा इंग्रजीत ‘दॅट’ आहे. वाटणे, म्हणणे, माहीत असणे, मानणे, कळवणे या क्रियापदांच्या मागून तो येतो आणि पुढचे पूर्ण वाक्य आधीच्या वाक्याला जोडतो. ‘आय थिंक दॅट शी इज इल’, ‘आय नो दॅट यू आर बिझी’. मराठीत आपण उलटेही बोलतो, ‘ती आजारी आहे असे मला वाटते.’ इंग्रजीत साधारणपणे आधी ‘आय थिंक’ आणि मग बाकीचे. बोलताना ‘दॅट’ गाळला तरी चालतो, ‘आय थिंक शी इज इल’ हेही शुद्धच आहे. अर्जात मात्र तो लिहावा, अर्थ स्वच्छ राहतो.

आता खरी मेख. मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवू शकतो. ‘कारकून म्हणाले की, मी पाठवतो’ यातला ‘मी’ म्हणजे कारकून, हे आपल्याला आपोआप कळते. शिवाय ‘पाठवतो’ म्हटले की पुरुष आणि ‘पाठवते’ म्हटले की बाई, हेही क्रियापदच सांगते. इंग्रजीत ती सोय नाही. तिथे ‘विल फॉरवर्ड’ला बाई-पुरुष सारखेच. आणि ‘दॅट’नंतरचा ‘आय’ म्हणजे पत्र लिहिणारा, दुसरा कोणी नाही. म्हणून दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याच्या ‘मी’चा ‘तो’ करावा लागतो. मुख्य क्रियापद भूतकाळात असेल तर पुढचे क्रियापदही बहुधा एक पायरी मागे जाते. ‘विल’चे ‘वुड’, ‘कॅन’चे ‘कुड’, ‘इज’चे ‘वॉज’ होते. ‘उद्या’ असेल तर ‘टुमॉरो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’ येते. मात्र कायम खरी असलेली गोष्ट वर्तमानकाळात ठेवली तरी चालते. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन’ हे बरोबरच आहे.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही. हे इंग्रजीत सांगायचे तर, ‘बाबासाहेब डिक्लेअर्ड दॅट ही वुड नॉट डाय अ हिंदू.’ इथे ‘ही’च्या जागी ‘आय’ लिहिले, तर ती प्रतिज्ञा बाबासाहेबांची न राहता लिहिणाऱ्याची होते! बाबासाहेबांनी आपला शब्द १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पाळला. कोणी कोणता शब्द दिला, हे एका छोट्याशा सर्वनामावर ठरते, हे मुलांना या वाक्यावरून चांगले समजते.

आणखी तीन खाचा सांगतो. आपली मुले हमखास तिथे अडखळतात.

पहिली ‘से’ आणि ‘टेल’ची. ‘टेल’ला सांगितले कोणाला तो माणूस लगेच लागतो, ‘ही टोल्ड मी दॅट...’. मध्ये ‘टु’ घालू नका. ‘से’ला माणूस नसला तरी चालते, ‘ही सेड दॅट...’. माणूस आणायचाच असेल तर ‘ही सेड टु मी दॅट...’.

दुसरी प्रश्नाची. ‘त्यांनी विचारले की, तू कुठे राहतोस?’ याचे मुले करतात, ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.’ हे चूक. प्रश्न सांगताना ‘दॅट’ येत नाही आणि वाक्य सरळ होते, ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.’ उत्तर हो किंवा नाही असे असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घ्यावे. ‘ही आस्क्ड मी इफ आय हॅड अ जॉब.’

तिसरी इच्छेची आणि मागणीची. ‘मुलाने शिकावे असे मला वाटते’ हे ‘वॉन्ट’ने सांगायचे, तर ‘दॅट’ नको, ‘आय वॉन्ट माय सन टु स्टडी.’ पण वस्तीच्या नळाचा अर्ज लिहिताना, ‘वी रिक्वेस्ट दॅट द टॅप बी रिपेअर्ड.’ रिक्वेस्ट, डिमांड, रेकमेंड यांच्यामागे ‘दॅट’ येतो आणि क्रियापद मूळ रूपात राहते. म्हणून तिथे ‘इज’ नाही, ‘बी’.

व्याकरण इथे संपले, पण मला आणखी एक सांगायचे आहे. अंगुत्तर निकायात कालामांना केलेला बुद्धांचा उपदेश आहे. केवळ ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय. अर्ज लिहिताना हाच उपदेश कामी येतो. ‘आय नो दॅट’ म्हणजे मला पक्के माहीत आहे. ‘आय थिंक दॅट’ म्हणजे मला वाटते. ‘आय वॉज टोल्ड दॅट’ म्हणजे मला कोणीतरी सांगितले. तिन्हींचे वजन वेगळे. ऐकीव गोष्टीपुढे ‘आय नो’ लिहिले आणि साहेबांनी पुरावा मागितला, तर आपली खरी तक्रारसुद्धा खोटी ठरते. म्हणून पेन उचलण्याआधी स्वतःला विचारावे, हे मला माहीत आहे, वाटते आहे की कोणी सांगितले आहे? सांगितले असेल तर कोणी, कधी?

त्या मुलीने वर्गातच नवे पत्र लिहिले, “द क्लार्क टोल्ड मी दॅट ही वुड फॉरवर्ड माय फॉर्म विदिन टू डेज.” खाली कारकून तसे बोलल्याची तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिच्यासोबत गेलो, पण बोलू तिलाच दिले. साहेबांनी पत्र वाचले आणि संबंधित कारकुनाला आत बोलावले. मुदत संपायला एक दिवस असताना फॉर्म पुढे गेला. बाहेर येताना पोरगी म्हणाली, “काका, एवढ्याशा ‘आय’ने माझं वर्ष घातलं असतं.” मी म्हटले, “बाई, ते ‘आय’ने नसतं घातलं. त्या दिवशी गप्प घरी बसली असतीस, तर मात्र गेलं असतं.”

गृहपाठ देतो. मुलांनी वहीत इंग्रजी करावे.
१. आई म्हणाली की, मी उद्या विहारात येईन.
२. सरांनी विचारले की, तुझे नाव काय?
३. मला वाटते की, तो प्रामाणिक आहे.
४. मुलीने नोकरी करावी असे मला वाटते. (‘वॉन्ट’ वापरा.)

उत्तरे पुढच्या अंकात. पहिल्या वाक्यातला ‘मी’ नीट सांभाळा!

जयभीम. नमो बुद्धाय.