क्लचची तक्रार : निदान आधी, वाद नंतर

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीची घात फार दिवस थांबत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर-गंगापूरकडील कपाशी असो, सिल्लोड-कन्नडकडील मका असो की पैठणकडील तूर असो, ती घात साधली तरच पुढील हंगामास अर्थ राहतो. अशा ऐन वेळी हप्त्यांवर घेतलेला नवा ट्रॅक्टर क्लचच्या दोषामुळे बांधावर उभा राहिला, तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाएवढे नसते. घरची पेरणी लांबते, शेजाऱ्यांच्या भाड्याच्या कामास नकार द्यावा लागतो, आणि बँकेचा हप्ता मात्र आपल्या तारखेस येऊन उभा ठाकतो. हमीची मुदत चालू असेल तर शेतकरी साहजिकच विक्रेत्याकडे धाव घेतो; आणि तेथे पुष्कळदा त्यास एकच उत्तर मिळते : "क्लच हमीत बसत नाही."

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अशा अर्ध्या सत्यानेच शेतकऱ्याचे अधिक नुकसान होते. क्लच हा एक भाग नव्हे. तो अनेक भागांचा संच आहे. त्यांतील क्लच प्लेटचे अस्तर झिजण्यासाठीच घडविलेले असते. परंतु पॅडल, त्याचा शाफ्ट, जोडदांडा, फोर्क, स्प्रिंग, बेअरिंग हे भाग हंगाम-दोन हंगामांत मोडावेत अशा हिशेबाने कोणी घडवीत नाही. तेव्हा बिघाड नेमका कोणत्या भागात आहे हे निश्चित झाल्याखेरीज 'हमीत बसते' असे शेतकऱ्याने म्हणू नये आणि 'हमीत बसत नाही' असे विक्रेत्यानेही म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी नांगर मोडला तर गावचा सुतार आणि फाळ बोथटला तर गावचा लोहार हाताशी असे. बलुत्याच्या पद्धतीत वर्षभराची दुरुस्ती सुगीच्या धान्यात धरलेली असे. जातीने नेमून दिलेल्या कामाची ती व्यवस्था मागे पडली हे इष्टच झाले. परंतु तीत अवजार करणारा व ते वापरणारा हे एकमेकांच्या समोर होते. कोणते लाकूड किडके निघाले आणि कोणता नांगर खडकावर आपटला, हे दोघांनाही ठाऊक असे. आज यंत्र करणारा कारखाना शेकडो मैल दूर आहे. त्याच्यात व शेतकऱ्यात दुवा उरला आहे तो हमीपत्राच्या कागदाचा. कागदाशी बोलावयाचे तर त्यास समजेल अशा भाषेत, म्हणजे माप, तारीख आणि भागाचे नाव या भाषेत बोलावे लागते.

पॅडलची मोकळी चाल

क्लचची रचना समजण्यास अवघड नाही. पॅडल दाबले की त्याचा जोडदांडा ओढला जातो. दांड्यामुळे आडवा शाफ्ट फिरतो. शाफ्टवरील फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर दाबते. आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट धरलेली क्लच प्लेट सुटी होते. पॅडलवरील पाय काढताच स्प्रिंगच्या ओढीने सर्व भाग मूळ जागी परततात. पॅडल दाबू लागल्यावर प्रत्यक्ष जोर लागण्यापूर्वी ते काही अंतर हलकेच खाली जाते. या अंतरास मोकळी चाल म्हणतात. बहुतेक ट्रॅक्टरांत ती सुमारे २० ते ३० मिलिमीटर असते. नेमके माप त्या-त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे.

ही मोकळी चाल म्हणजे क्लचची नाडी होय. प्लेट जसजशी झिजते तसतशी चाल कमी होत जाते. चाल मुळीच उरली नाही तर बेअरिंग सतत फिंगरांवर टेकून राहते, प्लेट पुरती पकडली जात नाही, ती घसरते आणि जळते. उलटपक्षी चाल फाजील वाढली तर पॅडल तळाशी जाऊनही प्लेट पूर्ण सुटत नाही व गिअर टाकताना करकर आवाज होतो. दोन्ही दोष साध्या मोजपट्टीने ओळखता येतात. त्यासाठी इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा, मागील अवजार जमिनीवर टेकवावे, पट्टी पॅडलच्या शेजारी उभी धरावी आणि हाताने पॅडल दाबून जोर लागेपर्यंतचे अंतर पाहावे. या कामास दोन मिनिटेही लागत नाहीत.

लक्षणावरून भाग ओळखणे

मोजमापानंतर लक्षणांकडे वळावे. पॅडल दाबल्यावर वर परत येत नसेल तर परतीची स्प्रिंग तुटली आहे काय, किंवा शाफ्टच्या बुशात चिखल व गंज साचला आहे काय, हे पाहावे. पॅडल एकाएकी सैल पडून काहीच जोर लागत नसेल तर जोडदांड्याची पिन निसटली असेल, अथवा आतील फोर्क वा शाफ्ट मोडला असेल. पॅडल जड झाले असेल तर प्रथम बुशास ग्रीस मिळते की नाही ते तपासावे. ग्रीस देऊनही जडपणा कायम राहिला तर दोष आत आहे असे समजावे. पाय ठेवताच पॅडल थरथरत असेल तर फिंगरांची उंची सारखी नसण्याचा संभव असतो. पॅडल दाबल्यावर घरघर सुरू होऊन सोडल्यावर ती थांबत असेल तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा.

इंजिनचा वेग वाढतो पण ट्रॅक्टर ओढत नाही, आणि जळका वास येतो, हे प्लेट घसरत असल्याचे लक्षण होय. परंतु येथेही घाईने निकाल देऊ नये. क्लचच्या कवचाच्या तळाशी बहुधा एक लहान छिद्र असते. त्यातून तेल ठिबकत असेल तर इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या बाजूचे तेलाचे सील गळत असण्याची शक्यता असते. ते तेल प्लेटवर उडाले की नवी प्लेटही घसरू लागते. अशा वेळी प्लेट खराब झालेली दिसली तरी मूळ दोष सीलचा असतो, आणि त्याबद्दल शेतकऱ्यास जबाबदार धरता येत नाही. ज्या ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच असतो त्यांत पॅडल अर्धे दाबल्यावर चाकांकडील गती तुटते आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओची गती तुटते. म्हणून चाके थांबत नाहीत की रोटाव्हेटर थांबत नाही, हे तक्रारीत वेगळे सांगावे.

शेतकऱ्याची बाजू, आणि विक्रेत्याचीही

न्याय मागावयाचा तर आपली बाजूही तपासावी लागते. पॅडलवर सतत पाय ठेवून ट्रॅक्टर हाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. उसाची किंवा मुरुमाची जड ट्रॉली चढावर ओढताना क्लच अर्धवट दाबून धरतात. पहिल्या मोफत सेवेची तारीख हंगामाच्या गडबडीत चुकते. मोकळी चाल संपली तरी ती जुळवून घेण्याचे राहून जाते. अशा वापराने प्लेट जळाली तर तो कारखान्याचा दोष नव्हे, आणि तसा दावा केल्याने खऱ्या तक्रारीचेही वजन कमी होते. तसेच हमीची मुदत चालू असता गावातील कारागिराकडून क्लच उघडून घेणे टाळावे. तो कारागीर कितीही कुशल असला तरी, एकदा आतील भाग हलविले गेले म्हणजे मूळ दोष कोणता होता हे सिद्ध करणे दुरापास्त होते. बाहेरची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे जुळविणे व ग्रीस देणे हे मात्र मालकाचेच काम आहे.

दुसऱ्या बाजूस, तोंडी नकार देणे हे कोणत्याही प्रामाणिक विक्रेत्यास शोभणारे नाही. ट्रॅक्टर कार्यशाळेत आल्यावर त्याने जॉबकार्ड करावे. तीत शेतकऱ्याने सांगितलेली लक्षणे त्याच्याच शब्दांत लिहावीत. क्लच उघडताना मालकास समोर उभे राहू द्यावे. आणि भाग हमीत बसत नसेल तर तो कोणता भाग, कोणत्या कारणाने आणि हमीपत्राच्या कोणत्या कलमाप्रमाणे, हे लेखी द्यावे. ज्यास आपला निर्णय योग्य वाटतो त्याने तो लिहून देण्यास कचरू नये.

आपल्या जिल्ह्यातील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकी वाहनांचे क्लच तयार होतात. कारखान्यात भाग चांगला की सदोष हे कोणाच्या शब्दावरून ठरत नाही, मापावरून ठरते, आणि ते माप कागदावर उतरविले जाते. कारखान्यात जी शिस्त भाग तयार होताना पाळली जाते, तीच भाग नापास ठरविताना विक्रेत्याच्या कार्यशाळेत का पाळली जाऊ नये?

नोंदीचे महत्त्व व कायद्याचा आधार

प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने एक लहान वही ठेवावी. दर ५० तासांनी तारीख, मीटरवरील तास, पॅडलची मोकळी चाल आणि दिलेले ग्रीस-तेल एवढ्या चारच गोष्टी तीत लिहाव्यात. हमीची मुदत बहुधा वर्षे किंवा तास यांपैकी जे आधी पुरे होईल त्यावर मोजली जाते. म्हणून तासांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. बिघाड होताच मोबाइलवर मीटरचे, पॅडलचे व गळतीचे छायाचित्र घ्यावे, आवाज येत असेल तर तोही टिपावा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. बदललेला जुना भाग कारखान्याकडे परत जात असेल तर जाण्यापूर्वी त्याचेही छायाचित्र काढून ठेवावे.

एवढे करूनही दाद लागली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आधार आहे. हा कायदा २०२० च्या जुलै महिन्यात अमलात आला. स्पष्ट शब्दांत दिलेल्या हमीस वस्तू उतरली नाही तर कारखानदारावर उत्पादनाची जबाबदारी येते, असे त्याचे ८४ वे कलम सांगते. पूर्वी तक्रार कोठे करावी हा मोठा प्रश्न असे; आता तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती करता येते. पाच लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि पाच ते दहा लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करून समजुतीने प्रश्न सुटतो काय हे पाहावे.

ट्रॅक्टर भाड्याने चालविल्यास तो 'व्यापारी वापर' होतो व शेतकरी ग्राहक राहत नाही, असा युक्तिवाद केला जातो. स्वतः काम करून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणारा मनुष्य ग्राहकच होय, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे; आणि स्वतःची रिक्षा वा ट्रक चालवून पोट भरणाऱ्यास एक-दोन माणसांची मदत असली तरी त्याचा हा हक्क जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. मात्र अपेक्षाही वाजवी असावी. मारुती उद्योग कंपनीच्या एका मोटारीच्या क्लचसंबंधी याच न्यायालयाने २००६ साली असे ठरविले की, हमीचे वचन सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलून देण्याचे असेल तर त्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. फोर्क मोडला म्हणून नवा ट्रॅक्टर मागणारा शेतकरी आपलाच खटला दुबळा करतो. फोर्क, त्याची मजुरी आणि झालेले वाजवी नुकसान एवढीच मागणी असेल, तर ती टिकण्याचा संभव अधिक.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खते यांच्या जोडीला यंत्राच्या या विषयाकडेही लक्ष द्यावे. बियाण्याची पिशवी, लेबल व पावती जपून ठेवा, हे आपण शेतकऱ्यांस वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि उगवण न झाल्याच्या तक्रारीत त्या कागदांचा उपयोग होतो हे लोकांस पटले आहे. तोच धडा ट्रॅक्टरला लागू करावयाचा आहे. खरिपापूर्वीच्या बैठकीत गावातील एक ट्रॅक्टर, एक मोजपट्टी व एक वही एवढ्या साहित्यावर अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक सहज होऊ शकेल. ज्या तरुणांस यात अधिक गती आहे त्यांनी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या शेती यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थेत शिक्षण घ्यावे. अशी एक-दोन जाणती माणसे प्रत्येक मोठ्या गावात असली, तर शेतकऱ्यास विक्रेत्याच्या दारात अज्ञानापोटी मान खाली घालावी लागणार नाही.

हमी ही विक्रेत्याने केलेली मेहेरबानी नव्हे. तिचे मोल ट्रॅक्टरच्या किमतीतच शेतकऱ्याने मोजलेले असते. परंतु मोजून घेतलेली वस्तू पदरात पडावयाची तर आपले मापही चोख असावे लागते. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने आपल्या क्लचची मोकळी चाल एकदा मोजून तारखेसह लिहून ठेवावी. पुढे वाद उद्भवलाच, तर तो ऐकीव गोष्टींवर न होता त्या लिहिलेल्या मापावर होईल.