परीक्षागृहातील गणकयंत्र

बारावीच्या भौतिक व रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांत राज्य मंडळ लॉगसारणीस मुभा देते आणि गणकयंत्रास मनाई करते. पुढे सनदी लेखापालाच्या परीक्षेस बसणारास ६ क्रिया, १२ अंक व २ स्मृतिकोष यांच्या मर्यादेतील, आवाज न करणारे यंत्र सोबत नेता येते, तर ‘गेट’ परीक्षेच्या उमेदवारास स्वतःचे यंत्र बाहेर ठेवून संगणकाच्या पडद्यावरील यंत्रावर भिस्त ठेवावी लागते. या विविधतेस आमची हरकत नाही, कारण जेथे आकडेमोडीचे कसबच पारखावयाचे तेथे यंत्र वर्ज्य असणे रास्तच होय.

परंतु लॉगसारणीचा आग्रह आम्हांस मान्य नाही. सारणी हेही गणनेचे साधनच असून, तिच्या स्तंभांतून मँटिसा हुडकण्यात, सरासरी फरक मिळविण्यात आणि प्रतिलॉग काढण्यात विद्यार्थ्याची जी मिनिटे खर्ची पडतात, त्यांतून त्यास विद्युत्‌धारेचे वा रासायनिक समतोलाचे मर्म कितपत उमगले आहे याची यत्किंचितही परीक्षा होत नाही. महागड्या, सूत्रे साठविणाऱ्या यंत्रांमुळे संपन्न घरच्या मुलांस अवाजवी लाभ होईल, ही भीती मात्र खरी आहे, आणि ‘गेट’ने सर्वांस एकच यंत्र देऊन तिचे चोख निवारण केले आहे. लेखी परीक्षेत तशी तजवीज अशक्य असल्याने, मंडळाने साध्या, प्रोग्राम न करता येणाऱ्या स्वस्त यंत्रांचे मोजके नमुने मुक्रर करून त्यांची यादी जूनमध्ये, शाळा उघडताच, प्रत्येक शाळेस धाडावी.