परक्याचं गाठोडं

परवा भाच्याशी चांगलाच वाद झाला. कुणीतरी त्याला एका व्हर्च्युअल मशीनची डिस्क इमेज दिली होती, म्हणजे अख्खी हार्डडिस्क एकाच फाईलमध्ये. मशीन काही सुरू होईना. आतल्या बूट फोल्डरमधल्या कर्नल आणि इनिटआरडी या दोन फायली काढून घ्यायच्या आणि बाहेरून देऊन ते सुरू करायचं, असा बेत. बेत चांगलाच, पण हा पठ्ठ्या ती इमेज रूट होऊन थेट आपल्याच संगणकावर माउंट करायला निघाला!

माझं म्हणणं एवढंच, की परक्याचं गाठोडं माजघरात सोडू नये. फाईल सिस्टिमची रचना मुद्दाम बिघडवून ठेवली असेल, तर वाचणारा प्रोग्रामच फसतो. झेनमधला पायग्रब हेच काम करतो, तेही सहसा यजमानाच्या रूट अधिकाराने. तो डिस्क वाचायला जी लायब्ररी वापरतो तिच्यातल्या चुका २०२३ साली जाहीर झाल्या. पाहुण्याला त्यातून यजमानाचं घरच ताब्यात घेता येत होतं!

लिबगेस्टएफएस डिस्क उघडतं ते वेगळ्या छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे ओसरीवरच. त्यातल्या व्हर्ट-गेट-कर्नल या एका आज्ञेने दोन्ही फायली हाती येतात, आणि मूळ इमेजलाही धक्का लागत नाही.

"मामा, माणूस ओळखीचा आहे हो!" भाचा म्हणाला.

असेल. पण गाठोडं त्याने तरी उघडून पाहिलंय का?