आधी सावली ओळखा

सोलापुरात मी गेली सोळा वर्षं एक्स-रे काढते. छातीची फिल्म काढण्याआधी बायकांना मी दोन गोष्टी सांगते : मंगळसूत्र काढून ठेवा आणि वेणी डोक्यावर गुंडाळून बांधा. मंगळसूत्राचं कारण लगेच पटतं, वेणीचं पटत नाही. पण जाड, घट्ट वेणी खांद्यावर राहिली तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी धूसर डाग उमटतो. क्षयाचा डागही पुष्कळदा तिथेच असतो. हा डाग फुफ्फुसातला की वेणीचा, हे आधी ओळखावं लागतं. न ओळखता दुसरी फिल्म काढली, तर पेशंटच्या अंगावर पुन्हा किरण जातात, आणि वेणी तिथेच असेल तर डागही पुन्हा येतो.

दिवाळीच्या सुट्टीत लिडियाचा चेहरा काळा पडला, तेव्हा मला ही वेणीच आठवली.

लिडिया म्हणजे ‘स्कायरिम’ या गेममधली व्हाइटरन शहरातली लढवय्यी. तिथला जार्ल, म्हणजे सरदार, आपल्याला थेन हा मान देतो आणि आपल्या सोबतीला तिला धाडतो. बेथेस्डा या कंपनीचा हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. पुढच्याच वर्षी मी तो खेळले. बर्फाळ डोंगर, दगडी पायऱ्या आणि रात्रीचं आकाश बघत नुसती हिंडायचे. आता अकरावीतल्या भाच्याने तोच जुना, २०११ सालचा गेम माझ्या जुन्या लॅपटॉपवर घातला आणि त्यात सत्तरेक मॉड टाकले. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच तयार करून गेममध्ये घातलेली भर : कुणी नवे कपडे करतं, कुणी झाडं दाट करतं, कुणी माणसांचे चेहरे रेखीव करतं.

“मावशी, बघ ना, हिचं तोंड जळाल्यासारखं झालंय. सगळं उडवतो आणि पहिल्यापासून टाकतो.”

मी त्याला थांबवलं आणि विचारलं, “हात कसे आहेत तिचे?” हात ठीक होते, मानही ठीक होती. म्हणजे उजेडाचा दोष नाही. शेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचं तोंड? तेही ठीक. म्हणजे लॅपटॉपच्या ग्राफिक्सचा दोष नाही. दोष फक्त लिडियाच्या चेहऱ्यात होता. सगळं उडवून, तेच मॉड त्याच क्रमाने पुन्हा टाकले असते, तर तीन तासांनी हाच काळा चेहरा परत समोर आला असता.

कारण शोधायला संध्याकाळ गेली, पण ते इतकं स्वच्छ निघालं की मला ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं. स्कायरिममध्ये माणसाचा चेहरा दोन ठिकाणी ठेवलेला असतो. एका ठिकाणी नोंद असते : नाक कोणतं, भुवया कोणत्या, कातडीचा रंग कोणता. दुसऱ्या ठिकाणी त्या नोंदीवरून आधीच घडवून ठेवलेलं डोकं आणि त्याचा रंग अशा तयार फायली असतात. त्यांना त्या माणसाच्या क्रमांकाचं नाव दिलेलं असतं. नोंद आणि डोकं जुळलं नाही, की गेम चेहऱ्यावर रंग चढवत नाही आणि चेहरा काळवंडतो. एका शिंप्याने मापं घ्यावीत आणि दुसऱ्याने आपल्याकडच्या मापांवरून ब्लाउज शिवावं, तसं होतं.

भाच्याने चेहऱ्यांचे दोन मॉड टाकले होते. ‘मॉड ऑर्गनायझर’ या प्रोग्राममध्ये डावीकडे फायलींची यादी असते, उजवीकडे नोंदींची. दोन्हीकडे नियम एकच : जो खाली, तो जिंकतो. डावीकडे एक मॉड खाली होता, उजवीकडे दुसरा. डोकं एकाचं आलं, नोंद दुसऱ्याची. ‘एक्सएडिट’ या प्रोग्राममध्ये दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या आणि त्यांतला फरक तांबड्या अक्षरांत समोर आला. एक ओळ खाली ओढली. लिडियाचा चेहरा परत आला.

दुसरा दोष म्हणजे, एका घराचं छप्पर भडक जांभळं दिसत होतं. तो जांभळा रंग म्हणजे गेमचा निरोप असतो, की या वस्तूवर चढवायचं चित्र मला सापडत नाही. वस्तूचा आकारच सापडला नाही, तर तिथे तांबडं उद्गारचिन्ह उभं राहतं. छपराचं चित्र एका फोल्डरच्या आत आणखी त्याच नावाच्या फोल्डरात जाऊन बसलं होतं. हे भाच्याने पाच मिनिटांत, माझ्याशिवाय शोधलं.

तिसरा दोष मात्र कुठल्याच मॉडचा नव्हता आणि मला सगळ्यात जास्त तोच आवडला. दूरचे डोंगर लुकलुकत होते. बर्फ आणि खडक एकमेकांशी चढाओढ करत होते. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे ठरवायला गेम प्रत्येक ठिपक्याचं अंतर मोजतो. चोवीस बिटांच्या त्या मोजपट्टीवर १,६७,७७,२१६ खुणा असतात. एवढ्या खुणा सहज पुरतील असं वाटतं, पण त्या समान अंतरावर नसतात. डोळ्याजवळ त्या दाट असतात आणि दूर विरळ होत जातात. नजर जिथून सुरू होते ते अंतर स्कायरिममध्ये १५ एककं, म्हणजे साधारण एक वीत धरलेलं आहे. गणित असं आहे, की त्या अंतराच्या दुपटीपर्यंत अर्ध्या खुणा संपतात. म्हणजे एक वीत ते एक हात एवढ्याशा जागेत ऐंशी लाखांहून जास्त खुणा खर्च होतात, आणि उरलेल्या अर्ध्यांत अख्खा मुलूख बसवावा लागतो. दूरचा बर्फ आणि त्याखालचा खडक एकाच खुणेवर येतात. मग कधी हा पुढे दिसतो, कधी तो.

सेटिंगच्या फायलीत ‘एफनिअरडिस्टन्स’ या नावाची ओळ असते. तिथला १५ हा आकडा आम्ही २० केला आणि लुकलुक कमी झाली. आणखी वाढवला असता तर आणखी कमी झाली असती, पण डोळ्याजवळचे खांब आणि भिंती कापल्या जाऊ लागल्या असत्या. एक्स-रेमध्येही असंच असतं. किरण वाढवले की हाडं स्वच्छ दिसतात आणि मऊ भाग हरवतो. काय दिसायला हवं, हे आधी ठरवावं लागतं.

आता मला जे म्हणायचं आहे ते. या तिन्ही दुरुस्त्या आम्हाला करता आल्या, कारण या गेमचं झाकण उघडतं. गेम बाजारात आल्यावर तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०१२मध्ये बेथेस्डाने तो घडवण्याचं साधन, ‘क्रिएशन किट’, खेळणाऱ्यांना फुकट दिलं. लिडियाचं डोकं नोंदीवरून नव्याने घडवायचं असेल, तर तेही त्यात करता येतं. त्यामुळेच इतक्या वर्षांनंतरही लोक हा गेम नुसता खेळत नाहीत, सांभाळतात. पूर्वी रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. हा रेडिओ एक दिवस बिघडेल आणि कुणीतरी तो उघडेल, हे बनवणाऱ्याने धरलेलं असायचं. मला तो फार मोठा आदर वाटतो, वस्तूचाही आणि वापरणाऱ्याचाही.

बहुतेक जुन्या गेमच्या वाट्याला हे आलेलं नाही. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की २०१०पूर्वी तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. शंभर पुस्तकांतली सत्त्याऐंशी अशी नाहीशी झाली असती, तर आपण अग्रलेख लिहिले असते. गेम हा पोरखेळ समजून आपण गप्प बसतो. पण लेखक, चित्रकार, संगीतकार आणि अभियंते यांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं ते काम आहे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यासाठी निवडली. पाऊल चांगलं आहे. पण ट्रॅक्टर उघडण्याचा हक्क ज्या न्यायाने मागायचा, त्याच न्यायाने विकत घेतलेला प्रोग्रामही उघडता आला पाहिजे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम, रीतसर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्राम कसा चालतो हे निरखण्याची आणि तपासण्याची मुभा देतं. या मुभेला दुरुस्तीची जोड हवी. माझी मागणी साधी आहे : बनवणाऱ्याने एखाद्या गेमची देखभाल थांबवली, की तो घडवण्याची साधनं आणि दुरुस्तीची परवानगी त्याच्या ग्राहकांकडे यावी. यात फुकटेपणा नाही. गेम विकतच घ्यावा, चोरून घेऊ नये. घेतलेली वस्तू जगवू द्यावी, एवढंच.

आणि आईबापांना सांगायचं आहे, की मूल मोडक्या गेमशी तासन्‌तास झटत असेल, तर लगेच ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, काय बिघडलंय? काय ठीक आहे? एका वेळी एकच गोष्ट बदलतोयस ना? माझ्या कामात हेच तीन प्रश्न मला रोज उपयोगी पडतात, आणि ते शिकायला मला पुष्कळ वर्षं लागली.

आमच्या विभागात एक रजिस्टर असतं. फिल्म पुन्हा काढावी लागली, की त्यात कारण लिहायचं : पेशंट हलला, दागिना राहिला, वेणी. महिनाअखेरीस ते वाचलं, की कुठे चुकतंय ते कळतं. भाच्याने जायच्या आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखले : तारीख, काय दिसलं, कारण, उपाय. पहिली ओळ लिडियाची. दुसरी छपराची. डोंगरांच्या ओळीत ‘कारण’ या रकान्यात त्याने लिहिलं : एक वीत ते एक हात, अर्ध्या खुणा संपल्या. वही तो पुण्याला घेऊन गेला.