एटीव्हीसाठी माळ द्यायचा का? आधी स्वतः बसून आलो



या वेळची नोंद पिकाची नाही, माळाची आहे. आणि थोडी गमतीची पण आहे, कारण वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी डोक्यात हेल्मेट घालून त्या चार फुगीर चाकांच्या गाडीवर बसलो. लेकीनं फोटो काढलाय, अजून सगळ्या पाहुण्यांना दाखवतीय.

विषय असा आहे. पुरंदर तालुक्यात आमचा अडीच एकराचा उताराचा माळ आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा. पुतण्या दोन महिने मागं लागलाय. "तात्या, पुण्याची एक पार्टी माळ मागतीय. एटीव्हीचा ट्रॅक करायचाय. वर्षाला साठ हजार द्यायला तयार आहेत. आपण काय करायचं नाही, नुसता माळ द्यायचा." बोअरचं कर्ज डोक्यावर आहे, सीताफळाचं यंदा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. साठ हजार म्हटल्यावर कुणाच्याही मनात येतं, पडीकच तर आहे, देऊन टाकू.

पण न बघता हो म्हणायचं नाही, ही आपली सवय. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन बघायला गेलो, तेव्हा कोथरूडला लेकीकडं मुक्काम होता. जावयांना हा विषय सांगितला. ते म्हणाले, "मामा, रविवारी चला, मुळशीकडं गाईड घेऊन फिरवतात. बसून बघा, मग ठरवा." चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत गेलो. भात काढून झालेलं, खाचरं मोकळी, बांधावर कुठं कुठं पेंढा रचलेला. ट्रॅक एका शेतकऱ्याच्याच माळावर आणि मागच्या टेकडीवर होता. तासाभराच्या फेरीचे माणशी जे पैसे घेतले, त्यात आमच्याकडं खुरपणीचे तीन रोज सुटतात. म्हणजे धंदा आहे, त्यात शंका नाही.

आमचा गाईड तिथलाच पोरगा, पंचविशीचा. त्यानं आधी दहा मिनिटं नुसतं शिकवलं, हे मला आवडलं. या गाडीची रेस मूठ पिळून नसते, उजव्या अंगठ्यानं दाबायची असते. पाय खाली टेकवायचा नाही, मोटारसायकलच्या सवयीनं टेकवला की मागचं चाक पायावर येतं. चढाला अंग पुढं, उताराला मागं. वळणाला अंग आतल्या बाजूला झुकवायचं. आडव्या उतारावर गाडी घालायचीच नाही, तिथंच ती उलटते. एका गाडीवर एकच माणूस. नातवाला मागं बसवा म्हणून एक कुटुंब हट्ट धरून बसलं होतं, पोरानं सरळ नाही म्हणून सांगितलं. शाबास.

आता गाडीविषयी थोडं, कारण आपल्या लोकांना हे फक्त पैसेवाल्या पोरांचं खेळणं वाटतं. तसं नाही. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत अशी तीन चाकी गाडी विकायला काढली. ती उलटायची फार, शेवटी १९८८ मध्ये तिथं तीन चाकीची विक्री बंद झाली. चार चाकी सुझुकीनं १९८२ ला आणली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये मेंढ्या वळायला, कुंपण बघायला, फवारणीला शेतकरी हीच गाडी वापरतात. आपल्याकडं सुद्धा पोलारिस कंपनीनं एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून पास करून आणलं. म्हणजे मूळ हे शेतीचं अवजार. आणि तिकडं शेतकरीच या गाडीखाली सापडून फार मेले. म्हणून ऑस्ट्रेलियात २०२१ पासून नियम झाला, की गाडी उलटली तरी माणूस चिरडू नये अशी चौकट मागं बसवल्याशिवाय शेतकामाची नवी गाडी विकता येत नाही. मोठ्यांची गाडी सोळा वर्षांखालच्या पोराला देऊ नका, हे तर कंपनी गाडीवरच लिहून चिकटवते. आपल्याकडं किती जण वाचतात?

आता मुद्द्याची गोष्ट, माती.

मी जाताना धरून चाललो होतो, की गाडीच्या वजनानं माळ दबत असणार. तसं नाही निघालं. गाडी अडीचशे ते साडेतीनशे किलोची, पण टायर रुंद आणि त्यात हवा जेमतेम ५ पीएसआयच्या आसपास. मोटारसायकलच्या टायरात ३० च्या आसपास असते, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे एकदा गाडी गेली, तर ट्रॅक्टरपेक्षा माती कमीच दबते. हे खरं ते खरं सांगायला पाहिजे.

नुकसान वजनानं नाही, घासण्यानं होतं. ट्रॅक्टरला वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरायची सोय असते. यातल्या बऱ्याच गाड्यांना मागं एकच सरळ दांडा असतो, दोन्ही चाकं सारखीच फिरतात. त्यामुळं वळताना एक चाक घसटतच जातं आणि गवताचं मूळ उपटून काढतं. चढावर अंगठा जोरात दाबला की चाक जागेवर फिरतं, मुरूम मागं उडतो. एक गाडी गेली तर काही नाही. पण रविवारी एकामागं एक पन्नास गाड्या त्याच वळणावरनं गेल्या, की तिथं चाकोरी पडते. आणि चाकोरी उताराच्या दिशेनं असली, की पावसाळ्यात तीच ओघळ होते.

फेरी संपल्यावर जावयांना चहाला पाठवलं आणि मी टेकडीचा एक पट्टा चालत बघितला. पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या वाळून सिमेंटसारख्या झाल्या होत्या. सरासरी चार इंच खोल, एका ठिकाणी तर गुडघ्याएवढी घळ. लोकांनी ती टाळायला शेजारून गाड्या घातलेल्या, म्हणून एकाच्या तीन वाटा झालेल्या.

घरी येऊन हिशेब मांडला. पंधराशे फूट ट्रॅक धरला, दोन चाकोऱ्या, प्रत्येकी दहा इंच रुंद, चार इंच खोल. आठशे घनफुटाच्या वर माती होते. म्हणजे आठ ब्रास. ही आठ ब्रास माती कुठं गेली? खालच्या खाचरात, ओढ्यात, विहिरीत. तुमच्या माळाखाली तुमचीच विहीर आणि तुमचीच बाग असली तर गाळ तुम्हीच उपसायचा, आणि तो साठ हजारातनं वजा करायचा. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे ३६ ब्रास. आपण धरणातला गाळ पैसे देऊन आणतो. आणि इथं वरची माती फुकट खाली सोडायची? एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात, माळावर तर असतेच केवढी.

माळ पडीक असतो हे सातबाऱ्यावरचं बोलणं झालं. आमच्या माळावर मारवेल आणि पवन्या आहे, दोन गाई आणि शेळ्या त्यावर चार महिने निघतात. पाच वर्षांपूर्वी समतल चर काढले, त्यामुळं खालच्या विहिरीचं पाणी फेब्रुवारीच्या पुढं टिकायला लागलं. अन्‌ सगळं गाडं अडतंय ते इथंच. गाड्यांना उतारावरून वरखाली जायचं असतं आणि चर उताराला आडवे असतात. पार्टीचा माणूस माळ बघायला आला तेव्हा पहिलं हेच म्हणाला, "हे खड्डे बुजवून घ्यावे लागतील."

आमच्या तालुक्याला हे नवं नाही, बरं का. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावला आले. त्यांनी देवस्थानची ४० एकर उजाड डोंगराळ जमीन भाड्यानंच घेतली होती. त्यांनी तिथं बांध घातले, पाणी अडवलं, खाली विहीर केली आणि पडीक म्हणून सोडलेल्या जमिनीत पीक काढून दाखवलं. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. म्हणजे माळ भाड्यानं देण्यात वाईट काही नाही. घेणारा तिथं पाणी थांबवणार आहे का पळवणार आहे, एवढंच बघायचं.

मग मी विरोधात आहे का? नाही. पुण्याच्या माणसाला रविवारी मोकळं रान पाहिजे, आपल्याला चार पैसे पाहिजेत, तालुक्यातल्या पोरांना काम पाहिजे. मी स्वतः बसलो, मला मजा आली, खोटं कशाला बोलू. पण आपण वापसा नसताना रानात ट्रॅक्टर घालतो का? कितीही घाई असली तरी नाही घालत. तोच नियम इथं लावा. पार्टीचं म्हणणं, "पावसाळ्यातच तर गिऱ्हाईक येतं, चिखलाचीच मजा असते." त्यांची मजा चार महिन्यांची, आपली माती कायमची.

पुतण्याला मी ज्या अटी लिहून दिल्यात त्या इथं देतो. कृषी अधिकारी आणि जाणकार मंडळींनी यात भर घालावी.

१. ट्रॅक एकच, दोन्ही बाजूंनी दगड लावून आखलेला, होईल तितका उताराला आडवा. खडा चढ एकच, तोही दगड-मुरूम घालून पक्का केलेला. चर आणि बांध यांना हात लावायचा नाही.

२. जून ते सप्टेंबर बंद. पुढंही पाऊस पडला तर वापसा येईपर्यंत बंद. हे ठरवणार आपण, ते नाही.

३. गाईडशिवाय एकही गाडी सुटणार नाही. गाईड गावातला पोरगा, पगार करारात लिहिलेला. ज्याला माळ कुठं ठिसूळ आहे, टिटवीनं अंडी कुठं घातलीत हे माहीत असतं, तोच गिऱ्हाइकाला वाटेवर ठेवू शकतो.

४. हेल्मेट सगळ्यांना, एका माणसाच्या गाडीवर एकच माणूस, लहान पोरांना मोठी गाडी नाही.

५. विमा त्यांचा, आणि त्यात जमीनमालकाचं नाव पाहिजे. गाडी उलटली, माणूस गेला, तर पोलीस आधी विचारतात जमीन कुणाची.

६. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायला सांगितलंय. ती दाखवल्याशिवाय सही नाही. करार वकिलाला दाखवून, नोंदवूनच. कूळ लागायची भीती, जमिनीच्या वापराची परवानगी, हे सगळं तहसीलला विचारून मगच.

७. वर्षाचे पैसे आधी, आणि वेगळी अनामत. मे महिन्यात आपण ट्रॅक मोजायचा. चाकोरी चार बोटांच्या खाली गेली असेल तर त्यांनी भरून द्यायची, नाही तर अनामत आपली.

पुतण्या चिडला. "तात्या, एवढ्या अटी ऐकून कोण येणार? तुम्हाला धंदाच होऊ द्यायचा नाही." त्याचं पण चुकत नाही, पोरगा बी.ए. होऊन तीन वर्षं घरी आहे. मी त्याला म्हणालो, बाळा, तू गाईड हो. अडीच एकर नको, रस्त्याकडंचा सपाट एक एकर देऊ, वरचा उतार गवताला राहू दे. साठच्या जागी तीस हजार येतील, वर तुझा पगार. विहीर पण राहील. पार्टीला हेच कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही. नाही आलं तर नाही आलं.

पुण्यातली मंडळी पण ही नोंद वाचतात, त्यांना एकच विनंती. तुम्ही फिरायला जाल तेव्हा गाईडच्या मागंच राहा. तो वाट सोडू नका म्हणतो ते तुमची मजा घालवायला नाही. तुम्हाला जे मोकळं रान दिसतं, ते कुणाच्या तरी गाईचं गवत असतं आणि खालच्या कुणाच्या तरी विहिरीचं पाणी असतं. आणि गाडी देणारा न शिकवता चावी हातात देत असेल, तर पैसे परत मागून सरळ घरी या.

शेतकऱ्यांनो, तुमच्याकडं कुणी असा माळ दिला असेल तर दोन पावसाळ्यांनंतर त्याची काय अवस्था झाली ते जरूर लिहा. चांगला अनुभव असेल तर तोही लिहा. पार्टीचं उत्तर आलं, की मी पण कळवतो.

राम राम.