गर्भजलाचें मोजमाप

आमची पुतणी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली, तेव्हां घरांत सर्वांत अधिक लगबग आमच्या वहिनींची होती. नववा महिना लागल्यावर सोनोग्राफी झाली आणि कागदावरील एका आंकड्यानें सारें घर हादरलें. तो आंकडा ४.८ हा होता. "पाणी कमी आहे, उद्यांच शस्त्रक्रिया करूं," असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्या रात्रीं घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. "भावोजी, कमी म्हणजे किती कमी? आणि पोटांतलें पाणी मोजतात तरी कसें?" असें वहिनींनीं विचारलें, तेव्हां आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें मागाहून शोधून काढावें लागलें. आमच्या वाचकांच्या घरींही असा प्रसंग येण्याजोगा असल्यामुळें तें येथें देत आहों.

गर्भाशयांत बालक ज्या पाण्यांत तरंगतें तें गर्भजल. गरोदरपणाच्या उत्तरार्धांत तें मुख्यत्वें बालकाच्या मूत्राचेंच असतें, आणि बालक तेंच पुनः गिळीत असतें. वहिनींनीं हें ऐकून नाक मुरडलें. पण या पाण्यावरून बालकाच्या प्रकृतीचा अंदाज बांधतां येतो, तो यामुळेंच. वारेकडून होणारा पुरवठा अपुरा पडला, म्हणजे बालकाचें रक्त मेंदू व हृदय यांकडे अधिक वळतें, मूत्रपिंडांस कमी मिळतें, आणि पाणी घटतें. उलट मातेस मधुमेह असला किंवा बालकास गिळतां येत नसलें, तर पाणी वाढूं शकतें. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास तें साधारण ८०० मिलिलिटर असतें. त्यानंतर दिवस भरत येतात तसतसें तें स्वभावतःच उतरत जातें.

आतां मोजण्याविषयीं. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड यांनीं १९५८ सालीं ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र पाहण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच विद्येची ही शाखा आहे. पडद्यावर पाणी काळें दिसतें. परंतु तें कांहीं भांड्यांतील पाणी नव्हे. बालकाच्या हातापायांमधून जेथें पोकळी सांपडेल तेथें तें साठतें. १९८७ सालीं फेलन व त्यांचे सहकारी यांनीं अशी रीत घातली कीं, बेंबीपाशीं एकमेकींस छेदणाऱ्या एक उभी व एक आडवी अशा दोन रेषा कल्पून पोटाचे चार भाग करावे, प्रत्येक भागांतील सर्वांत खोल पोकळीची उभी खोली सेंटिमीटरांत घ्यावी, आणि चारही आंकड्यांची बेरीज करावी. नाळ किंवा हातपाय मध्यें आल्यास ती पोकळी धरावयाची नाहीं. बेरीज ५ किंवा त्याहून कमी भरली तर पाणी कमी समजतात. दुसरी रीत याहून साधी : चारांतील सर्वांत खोल अशी एकच पोकळी पाहावी, ती २ सेंटिमीटरांहून कमी असेल तर पाणी कमी, ८ हून अधिक असेल तर जास्त.

आमच्या पुतणीच्या कागदावर चार आंकडे होते : ०.८, २.४, ०.४ आणि १.२. बेरीज ४.८, म्हणजे पहिल्या रीतीनें पाणी कमी; सर्वांत खोल पोकळी २.४, म्हणजे दुसऱ्या रीतीनें पुरेसें! बाई तीच, बालक तेंच, पाणीही तेंच. शिवाय यंत्राचा दांडा पोटावर जरा जोरानें दाबला किंवा बालकानें कूस बदलली, तरी आंकडा हलतो. दोन्ही रीतींची तुलना करणाऱ्या पांच चांचण्यांचा एकत्र आढावा २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तीन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. बेरजेच्या रीतीनें अधिक स्त्रियांस 'पाणी कमी' ठरविलें गेलें, औषधानें कळा आणण्याचे व शस्त्रक्रियेचे प्रसंग वाढले, पण बालकांच्या प्रकृतींत कांहीं सुधारणा दिसली नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, सुमारें हजार स्त्रियांवरील चांचणीचा निष्कर्षही याच बाजूचा आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच आम्ही पुतणीस दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्यांनीं रक्तदाब पाहिला, बालकाची वाढ तपासली, हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढला, आणि पाणी गळतें का हें खोदून विचारलें. सर्व ठीक आढळल्यावर म्हणाल्या, "भरपूर पाणी पी, बाळाची हालचाल मोजत जा, दोन दिवसांनीं पुनः ये." मातेनें पाणी पिण्यानें गर्भजल कांहींसें वाढतें, हें प्रयोगांनीं दिसलें आहे. पण रक्तदाब चढलेला असतां, बालकाची वाढ खुंटलेली असतां, पाणी गळत असतां किंवा हालचाल मंदावली असतां त्यांनीं तिला घरीं जाऊं दिलेंच नसतें. हें त्यांनीं आम्हांस दोनदां बजाविलें. पाणी पीत घरीं बसणें तेव्हां घातक ठरतें, आणि शस्त्रक्रियेची घाई तेव्हां योग्यच असते.

जातां जातां एक गंमत. थोरल्या आत्याबाईंनीं पडद्याकडे बोट दाखवून, "मुलगा कीं मुलगी तें सांगा," असा हट्ट धरला. डॉक्टरीणबाईंनीं भिंतीवरील पाटी दाखविली. १९९४ च्या कायद्यानें तें सांगणें गुन्हा आहे. आमच्या महाराष्ट्रानें तर १९८८ सालींच तसा कायदा केला होता. आत्याबाई घरीं येईपर्यंत फुरंगटून होत्या.

तिसऱ्या दिवशीं सर्वांत खोल पोकळी ३.१ भरली. त्यानंतर नवव्या दिवशीं पहांटे पुतणीस आपोआप कळा सुरू झाल्या आणि दुपारीं ती सुखरूप बाळंत झाली. कन्येचें वजन पावणेतीन किलो. वहिनींनीं तो ४.८ चा कागद अजून देवघराच्या फळीवर जपून ठेविला आहे.