आलिशान मोटारींत डिझेल नको

आलिशान मोटारींतून डिझेल इंजिन हद्दपार झाले पाहिजे आणि त्याची झळ मराठवाड्यातील सेनगाव तालुक्याच्या साखरा गावातील ट्रॅक्टरला लागता कामा नये, ही आमची ठाम भूमिका आहे. मुंबई महानगर क्षेत्रातील पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने जानेवारी 2025 मध्ये समिती नेमली. तिने हा भेद मान्य करावा. हळद-सोयाबीनच्या शेतकऱ्याला आज डिझेलवाचून गत्यंतर नाही. पन्नास लाखांची मोटार घेणाऱ्यापुढे पेट्रोल, हायब्रिड, वीज असे सारे पर्याय खुले आहेत.

खरी चिंता पुढची आहे. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली, तेव्हा ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अशा गाड्या अन्य राज्यांत गेल्या. मुंबईतही तेच घडले, तर तिथला धूर सेनगाव तालुक्यात येईल. महानगराची हवा सुधारण्यासाठी मराठवाड्याने ही अडगळ का पत्करावी?

राज्यात वीस लाखांवरील वैयक्तिक डिझेल मोटारीवर 15 टक्के, पेट्रोल मोटारीवर 13 टक्के कर आहे. एवढ्या फरकाने कोणाही धनिकाचा निर्णय बदलत नाही. सरकारने करातील हा फरक किमान दहा टक्क्यांचा करावा आणि महानगरांतून बाद होणाऱ्या डिझेल मोटारींची अन्य जिल्ह्यांतील फेरनोंदणी आधी बंद करावी.